सेव्ह नसलेला गेम आणि धाकटा भाऊ

पत्र:

"ताई, नमस्कार. मी सेलूचा, जिल्हा परभणी. वय 37. कृषी सेवा केंद्र चालवतो. 2004 च्या सुमारास वडिलांनी एमएससीआयटीसाठी म्हणून घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर आम्ही दोघा भावांनी 'आयजीआय' हा गेम खेळून काढला. मी कीबोर्डवर, धाकटा बाजूला बसून गार्ड मोजायचा. आता तो पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या दसऱ्याला त्यानं मला लॅपटॉप आणून दिला, त्यात 'आयजीआय 2' टाकून दिला अन् म्हणाला, 'दादा, आता हा खेळ. पहिल्यातल्या सगळ्या चुका ह्यात काढल्यात.' मी खेळलो. गेम चांगलाय, खोटं कशाला बोलू. पण थोड्या दिवसांत मी परत पहिलाच लावला. भाऊबीजेला त्यानं ते बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'तू अजून तेच खेळायलास? तुला नवीन काही पटतच नाही. दुकानातबी तसंच अन् घरातबी तसंच.' ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून आमचे फोन कमी झालेत. माझी पोरगी सातवीत आहे, ती काकाच्या बाजूनं. तिला पहिला गेम दाखवला तर म्हणती, 'पप्पा, ह्यात सेव्हच होत नाही!' ह्या दिवाळीला तो परत येणार आहे. मी नुसता जुन्या आठवणींना धरून बसलोय का? अन् त्याला काय म्हणू?"

उत्तर:

नमस्कार. तुमचा पहिला प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मला ठामपणे देता येतं. तुम्ही नुसत्या आठवणींना धरून बसलेले नाही. तुम्हाला पहिला गेम आवडतो त्याला कारण आहे, ते कारण गेमच्या आत आहे आणि बोट ठेवून दाखवता येतं. तुमच्या मुलीनं तर ते एका वाक्यात सांगूनही टाकलं, फक्त तक्रार म्हणून. "ह्यात सेव्हच होत नाही." म्हणजे मिशन अर्ध्यावर जपून ठेवून, मेलं तर तिथूनच पुढं सुरू करता येत नाही. दुसरा प्रश्न भावाचा. तो जास्त अवघड आहे, त्याच्याकडं नंतर येऊ.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'प्रोजेक्ट आयजीआय' 2000 सालच्या डिसेंबरात आला. बनवला नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओज या कंपनीनं. डेव्हिड जोन्स नावाचा, पूर्वी ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलात असलेला माणूस एकट्यानं शत्रूच्या तळांत शिरतो. कानात सूचना देणाऱ्या अन्या नावाच्या सहकारी बाईचा आवाज, हातात दुर्बीण आणि आभाळातून तळ दाखवणारा छोटा नकाशा-कॉम्प्युटर. एकूण 14 मिशनं. 2003 मध्ये त्याच कंपनीनं 'आयजीआय 2: कोव्हर्ट स्ट्राइक' काढला, 19 मिशनांचा. रशिया, लिबिया, चीन असा फिरणारा. आपल्याकडं पहिला गेम किती घरांत आणि नेट कॅफेंत पोचला होता हे मराठवाड्यात तेव्हा शाळा-कॉलेजात असलेल्या कुणालाही विचारा. मार्करनं नाव लिहिलेली ती सीडी हातोहात फिरायची, आणि चौसष्ट किंवा एकशे अठ्ठावीस एमबी रॅमच्या जोडलेल्या कॉम्प्युटरवरही गेम चालायचा. हे महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागायचं आणि एमएससीआयटीसाठी घेतलेल्या मशीनमध्ये ते बहुधा नसायचं.

आता तुमचा भाऊ म्हणतो ते: पहिल्यातल्या चुका दुसऱ्यात काढल्या. हे खरं आहे आणि तुम्ही ते मोकळेपणानं मान्य करा. पहिला गेम आला तेव्हाच्या परीक्षणांत तीन तक्रारी पुन्हा पुन्हा होत्या. मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. गार्डांना अक्कल कमी: बाजूचा साथीदार कोसळला तरी कधीकधी हा आपला उभाच. आणि मित्रांबरोबर खेळायला मल्टिप्लेअर नाही. शिवाय अलार्म वाजला की बराकीतून गार्ड येतच राहतात, संपतच नाहीत, हीसुद्धा बोचणारी गोष्ट होती. दुसऱ्यात कंपनीनं बसून ह्यातलं बरंचसं दुरुस्त केलं. मिशनमध्ये सेव्ह आलं, तेही मोजकं, जितकी पातळी अवघड तितकी संधी कमी. मल्टिप्लेअर आलं. हत्यारं वाढली, चित्रं देखणी झाली. दोन्ही गेमांची यादी करून एकेक ओळ ताडून बघितली तर दुसरा जिंकतो. मी दोन्ही खेळले आहे आणि ताळा माझाही तोच आला.

तरीही मी पहिल्याच्या बाजूनं आहे, आणि का ते नीट सांगते. भाऊ समोर बसेल तेव्हा तुम्हाला हेच सांगता यायला हवं, "मला आवडतो बस" एवढ्यावर भागणार नाही.

पहिल्या गेममधलं कुठलंही मिशन आठवा. तुम्ही एका टेकडीवर आहात. खाली तळ पसरलाय: तारेचं कुंपण, टेहळणीचा मनोरा, दोन-चार बराकी, कॅमेरे. इनरलूपनं आधी 'जॉइंट स्ट्राइक फायटर' नावाचा विमान उडवण्याचा गेम केला होता, त्याचंच इंजिन, म्हणजे गेमचं जग उभं करणारा मूळ प्रोग्राम, इथं वापरलं. विमानाच्या गेमला मैलोन् मैल जमीन दाखवावी लागते. म्हणून त्या काळात बाकीचे बहुतेक बंदुकीचे गेम बोळाबोळातून फिरत असताना आयजीआयमध्ये तुम्हाला दूरवरचा मनोरा दिसायचा, आणि जो दिसायचा तिथं चालत जाता यायचं. मग तुम्ही दुर्बीण लावता. नकाशा उघडता, वरून तळ बघता, त्यात चालते-फिरते गार्ड दिसतात. कुठला गार्ड किती वेळानं वळतो, मनोऱ्यावरच्याची पाठ कधी फिरते, कॅमेरा बंद करणारा कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे, हे सगळं एकही गोळी न झाडता तुम्ही शोधत बसता. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

हे तुम्ही का करता? सेव्ह नाही म्हणून. दुसरं कारण नाही. शेवटच्या दारापाशी जाऊन मेलात तर पुन्हा टेकडीवर. जखम आपोआप भरत नाही, सिरिंज सापडली तर सापडली. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर थांबणं आलं, जीव मुठीत धरून शिडी चढणं आलं. अर्धं मिशन झाल्यावर प्रत्येक पावलाची किंमत वाढत जाते, कारण मागं टाकलेली सगळी मेहनत त्या पावलावर लागलेली असते. ते भय खरं असतं. आणि शेवटी मिशन पार झालं की जो आनंद व्हायचा तोही त्याच भयातून आलेला.

सेव्ह मिळालं की माणूस वेगळा खेळतो. दुसऱ्या गेममध्ये तुम्हीही हे केलं असणार: सेव्ह केलं, दार उघडून बघितलं, आत तिघं निघाले, मेलो, लोड केलं, आता तिघं कुठं आहेत ते माहीत. हळूहळू दुर्बीण खिशातच राहते. सेव्ह मोजकी आहेत हे खरं, त्यामुळं दुसरा गेमही अगदी सैल होत नाही. त्याच्या रचणाऱ्यांनी विचार केला होता. पण टेकडीवर बसून तळ वाचण्याची गरज कमी झाली, आणि गरज कमी झाली की ती बैठक मोडते. दौलताबादच्या किल्ल्यात खंदक, तासलेला कडा आणि अंधारी एकामागोमाग एक येतात. त्या अंधाऱ्या वाटेत दिवे लावले तर चढणाऱ्याची सोय होईल, पण तो किल्ला ज्यासाठी बांधला ते तिथं उरणार नाही. पहिल्या आयजीआयमध्ये सेव्ह नसणं हे मला तसं वाटतं. ते मुद्दाम केलं होतं की करायचं राहून गेलं, ह्यानं मला फरक पडत नाही. गेमचा सगळा डौल त्याच्यावर उभा आहे.

एका बाबतीत मी भावाच्या बाजूनं आहे. गार्डांची अक्कल आणि न संपणारी बराक ह्या खऱ्याच चुका. त्या कुणी दुरुस्त केल्या तर मी टाळ्याच वाजवीन. तुम्हीही त्या चुकांची बाजू घेऊ नका. पहिल्यातलं सगळंच सोन्याचं असं म्हणायला लागलात तर भाऊ म्हणतो तेच खरं ठरेल.

आणि भारनियमन! तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण 2004 नंतरची ती वर्षं सेलूत काढलेल्या माणसाला ते सांगायला नको. लाइट जायची वेळ ठरलेली असायची आणि ती पाळली जाईलच असंही नसायचं. सेव्ह नसलेला गेम आणि कधीही जाणारी लाइट. मिशन सुरू करायच्या आधी घड्याळ बघायचं, यूपीएसची बॅटरी किती टिकेल त्याचा अंदाज घ्यायचा, घाई करायची की उद्यावर टाकायचं ते ठरवायचं. ओस्लोत बसून गेम लिहिणाऱ्यांना ह्याची कल्पनाही नसेल. पण आपल्याकडच्या पोरांनी त्या गेममध्ये आणखी एक शत्रू जोडला होता, महावितरणचं वेळापत्रक.

इथं आठवणीचा मुद्दा येतोच. लाइटची भीती, वडिलांची चाहूल, बाजूला बसलेला भाऊ, हे गेममध्ये नव्हतं; ते तुमच्या घरात होतं. त्याची ओढ तुम्हाला आहे आणि असायलाच हवी. पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघता येतात. आज रात्री दुकान बंद केल्यावर, घरात सगळे झोपल्यावर, पहिल्या गेममधलं तुम्हाला कमी आठवणारं एखादं मिशन लावा. पाठ झालेलं पहिलं मिशन नको. टेकडीवर बसा. तळ वाचताना तुमचं मन लागलं, कोपऱ्यावर छाती धडधडली, तर ते आजच्या गेमचं काम आहे. 2004 मधला कुणी त्या खोलीत नाही. आणि मिशन कंटाळवाणं वाटलं, फक्त सुरुवातीच्या संगीताला गहिवरून आलं, तर मग आठवणीचा वाटा मोठा आहे असं समजा. त्यातही लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग भावाशी वाद घालू नका. तुमच्या पत्रावरून मला पहिलंच होईल असं वाटतं. तुम्ही दुसरा गेम चांगला आहे म्हणता, तो खेळून बघता आणि तरी परत येता. आठवणीनं आंधळा झालेला माणूस नवीन गेमला नावं ठेवतो. तुम्ही एकही ठेवलं नाही.

असे तुम्ही एकटे नाही, हेही सांगते. 'काउंटर-स्ट्राइक' या बंदुकीच्या गेमचं तसंच झालं. त्याचं 2003 चं रूप '1.6' आणि 2004 चं रूप 'सोर्स'; सोर्स दिसायला कितीतरी पुढचं. पण स्पर्धा खेळणाऱ्यांतले कित्येक वर्षानुवर्षं 1.6 सोडायला तयार झाले नाहीत, कारण त्यांच्या हाताला त्या बंदुकीचा नेम बसलेला होता आणि नव्यात तो तसा बसत नव्हता. 'व्हाइस सिटी' या गेममधला नायक टॉमी पाण्यात पडला की मरायचा, त्यानंतरच्या 'सॅन अँड्रियास'मध्ये नायक पोहायला शिकला, एका शहराची तीन शहरं झाली. तरी व्हाइस सिटीवर जीव टाकणारे आजही भेटतात. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला 'डेव्ह' तर विचारूच नका. जॉन रोमेरोनं 1988 मध्ये लिहिलेला साधा गेम, दहा लेव्हलचा. 1991 मध्ये त्याचा पुढचा भाग आला, भुताच्या वाड्याचा, सगळ्या बाबतींत सुधारलेला. आपल्याकडं तो फारसा कुणाला ठाऊकच नाही, डेव्ह म्हटलं की पहिलाच.

बरं, गेम झाला. आता भाऊ.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. "मी कीबोर्डवर, धाकटा बाजूला बसून गार्ड मोजायचा." तुम्ही ते सहज लिहून गेलात. पण मला विचाराल तर इथंच घोडं पेंड खातं.

सेव्ह नसलेल्या गेममध्ये धाकट्याच्या हाती कीबोर्ड कोण देणार? तो मेला तर सगळं मिशन गेलं. तुम्ही वीस मिनिटं जपून पुढं आणलेला जोन्स दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या हाती कसा द्यायचा? त्यात लाइट जायला अर्धाच तास उरलेला. तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणत नाही, त्या वयात तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण ज्या गोष्टीमुळं तुम्हाला तो गेम इतका भावला, त्याच गोष्टीमुळं त्याची पाळी येत नव्हती. तुमच्या आठवणीत तुम्ही दोघांनी मिळून गेम "खेळून काढला". त्याच्या आठवणीत कदाचित त्यानं तो बघून काढला.

मग दुसरा गेम आला. त्यात सेव्ह होतं. तो घरच्या मशीनवर चालला असता तर दादाला म्हणता आलं असतं, "सेव्ह केलंय ना? मग दे की मला." मेला तरी काही बिघडलं नसतं. आणि पुढं कधी मल्टिप्लेअर खेळला असेल, कॉलेजात, होस्टेलवर, तर तिथं त्याचा स्वतःचा जोन्स होता. दादाच्या मागं बसून मोजायची गरज नव्हती. त्याला दुसरा गेम चांगला वाटतो त्याला कारण आहे, तेही गेमच्या आत आहे, आणि ते तुमच्या कारणाइतकंच खरं आहे. त्यानं लॅपटॉप आणून दिला, त्यात हाच गेम घालून दिला. त्याला जे सर्वांत चांगलं वाटलं ते त्यानं दादाला आणून दिलं. आणि दादानं ते बाजूला ठेवलं, हे त्याला भाऊबीजेला दिसलं. सगळ्यांसमोर बोलला ते चुकलंच, त्याबद्दल तुम्ही त्याला जरूर सांगा. पण तो का चिडला हे मला कळतं.

हे मी दुरून, एका पत्रावरून बोलते आहे. त्यामुळं ह्याला खरं धरून चालू नका, त्याला विचारा. विचारताना एकच प्रश्न पुरे: "आयजीआय खेळताना मी तुला कीबोर्ड द्यायचो का रे?" नंतर गप्प बसा, त्याला बोलू द्या. तो हसून "कधीच नाही" म्हणाला तर "तेव्हा लाइट जायची रे", "तू लहान होतास" असं काही लगेच पुढं करू नका. कारणं खरी असली तरी त्या क्षणी त्याला ती नकोशी होतील.

"दुकानातबी तसंच" हे वाक्य मात्र वेगळं काढा. ते गेमबद्दल नाही. दुकानात त्यानं काहीतरी सुचवलं असेल, बिलं कॉम्प्युटरवर करा, उधारीची वही बंद करा, ऑनलाइन माल मागवा, असलं काही, आणि ते झालं नसेल. तुम्ही पत्रात लिहिलं नाही म्हणून मी अंदाजानं त्यावर सल्ला देत नाही. पण तो विषय दिवाळीच्या फराळाच्या ताटावर नको. पाडव्याला दुकानात वहीपूजन होतं, तो त्या दिवशी दुकानात येतच असेल. पूजा झाल्यावर तिथंच बसून, वडील असतील तर त्यांच्यासमोर, त्याला म्हणा, "तुझं दुकानाबद्दल काय म्हणणं आहे ते एकदा नीट सांग." त्यातलं पटेल ते घ्या, पटणार नाही ते का पटत नाही ते सांगा. कृषी सेवा केंद्रात उधारी हा गिऱ्हाइकाशी असलेला संबंधच असतो, पावसावर सगळं अवलंबून असलेल्या आपल्या भागात तर जास्तच. पुण्यात बसून ते दिसत नाही. आणि तुम्हाला इथं बसून दिसत नाहीत अशा गोष्टी त्याला दिसत असतील. गेम आणि दुकान एका गाठीत बांधले गेले की दोन्हीतलं काही सुटणार नाही.

आता दिवाळीत काय करायचं ते. तो आला की एका संध्याकाळी पहिला गेम लावा आणि कीबोर्ड त्याच्या पुढ्यात ठेवा. तुम्ही बाजूला बसा. ह्या वेळी गार्ड तुम्ही मोजायचे. "उजवीकडं एक, मनोऱ्यावर एक, बराकीपाशी दोन." तेवढंच. "इथून नको जाऊ", "आधी कॅमेरा बंद कर" हे तोंडातून निघू देऊ नका, जीभ चावून बसा. तो मरेल. परत टेकडीवर जाईल. परत मरेल. त्याला ते असह्य झालं आणि "हे बघ, म्हणूनच सेव्ह पाहिजे" म्हणाला तर ते त्याचं खरं मत, ते ऐकून घ्या. आणि तो मिशन पार करून गेला, त्याला ती धडधड कळली, तर तुम्हाला काही समजावून सांगायची गरजच पडणार नाही. दोन्हीपैकी काय होईल ते मला माहीत नाही, पण दोन्ही चालेल.

दुसऱ्या दिवशी दुसरा गेम लावा, आणि तो त्याला दाखवू द्या. त्याच्याच लॅपटॉपवर आणि तुमच्या लॅपटॉपवर, एकाच नेटवर्कवर जोडून मल्टिप्लेअरही करता येईल. दोघंच असलात तर नकाशे रिकामे वाटतात, पण थोडा वेळ मजा येते. त्याला विचारा, तुला ह्यातलं कुठलं मिशन आवडतं, का आवडतं. उत्तर खरंच ऐका. कदाचित तुम्हाला दुसऱ्या गेममध्ये असं काही सापडेल जे तुम्ही घाईघाईनं परत फिरताना बघितलंच नाही. चीनमधल्या मिशनांपर्यंत तुम्ही पोचला होता का? लिबियाच्याही आधीच थांबला असाल तर अर्धा गेम तुम्ही पाहिलेला नाही, आणि अर्ध्यावर सोडलेल्या गेमबद्दल भावाशी वाद घालणं बरं दिसणार नाही. निदान तेवढं त्याच्यासाठी पूर्ण करा.

राहता राहिली मुलगी. तिला पंच करू नका. "तूच सांग, कुठला चांगला?" असं दोघांच्या मध्ये उभं करून विचारलं तर ती कुणाच्या तरी विरुद्ध जाते, आणि सातवीतल्या पोरीला ते नको. ती काकाच्या बाजूनं आहे ते ठीक आहे, काका लॅपटॉप आणतो, काका मजेशीर असतो. हा माणसं मारण्याचा गेम आहे, तेव्हा ती खेळत असेल तर कुणीतरी मोठं बाजूला असावं आणि तिच्या आईचं ह्यावर काय मत आहे तेही विचारा. पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. तिला पहिला गेम आवडावा असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर एकच उपाय आहे: तिच्या हाती द्या आणि मरू द्या. बाजूला बसवून दाखवू नका. तुम्ही खेळताय आणि ती गार्ड मोजतेय, असं घरात परत घडू नये.

आणि भावाला फोन दिवाळीची वाट न बघता आधीच करा. दसऱ्यानंतर तुमच्याकडं हरभऱ्याच्या बियाण्याची आणि खताची गर्दी सुरू होईल, मग दिवसभर काउंटर सुटणार नाही आणि रात्री बोलायचं त्राण राहणार नाही. ह्याच आठवड्यात करा, दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. भाऊबीजेचा विषय काढायची गरज नाही. म्हणा, "तू दिलेला दोन नंबर परत लावलाय, लिबियात अडकलोय, ते कसं पार करायचं सांग." खरोखर लावा मात्र, आणि खरोखर अडका. तो सांगायला लागेल. मधूनच म्हणेल, "सेव्ह केलंस का?"

नसेल केलं तर तसं सांगा त्याला.